पिठातलं पोर

मेणवालीने थट्टा केली तेव्हा त्याच्या हातात कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा खालचा जबडा होता, नुकताच ओतलेला आणि अजून कोमट. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की आपसूक तापतं, आणि इतकी वर्षं या धंद्यात काढूनही त्याला त्या उबेचं थोडं नवल वाटायचं. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडातले ठसे घेऊन डब्यात घालून पाठवत, तो त्या ठशांत प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल काढी, शेजारच्या टेबलावरची मुलगी त्याच्यावर मेणाच्या हिरड्या चढवून दात बसवी, आणि मग कवळी तयार होऊन ज्याच्या त्याच्या तोंडी जाई. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात, आपलं भरतं, हा मालकांचा ठेवणीतला विनोद होता आणि नवीन माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. त्या सकाळी प्लास्टरची नवी गोणी फोडताना ती नको तिथे फाटली आणि त्याच्या डोक्यापासून छातीपर्यंत भुरका उडाला. त्याने हातातलं काम सोडलं नाही, कारण ओतलेलं प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. सगळे हसले. मेणवालीच्या टेबलावर तिचा फोन दिवसभर खुनाच्या गोष्टी सांगत असायचा, तिने तो जरा बारीक केला, मान कलती करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, आरशात बघा. हुबेहूब पिठातलं पोर."

त्याची दातखिळी बसली. दातांच्या कारखान्यातच दातखिळी बसावी हे एरवी त्यालाही गमतीचं वाटलं असतं. मेणवालीच्या बोलण्यात काही नव्हतं, ते पोर सगळ्यांच्याच तोंडी होतं. पण तिने फोनचा आवाज पुन्हा वाढवला, त्यातून एक मधाळ पुरुषी आवाज "टेकडीवरच्या घराचं हत्याकांड, भाग सहावा" असं म्हणाला, आणि याने ओठांवर बोट ठेवलं, गप, एवढंच. ती आणखीच हसली. "आणि हे बघा, पुन्हा ते मधलंच बोट. काका, बाहेर कुठे असं कराल तर मार खाल हो." ही त्याची खोड कारखान्यात जुनी झाली होती. तोही हसल्यासारखं करून मोरीपाशी गेला आणि नळाखाली चेहरा धरला. परत येऊन पाहतो तर मॉडेलचा समोरचा एक दात तुटून पडलेला. मग त्याने त्याच ठशात दुसऱ्यांदा प्लास्टर ओतलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तोच बजावायचा की एका ठशातून एकदाच ओतायचं. पहिलं मॉडेल ओढून काढताना ठसा कुठेतरी ताणला जातो, दुसरं दिसायला अगदी तसंच येतं आणि तोंडात मात्र बसत नाही. हे सगळं ठाऊक असून त्याने ओतलं, आणि कोमट होईपर्यंत ते धरून उभा राहिला.

टेकडीवरच्या घराचं प्रकरण कुणाला माहीत नव्हतं? गावाबाहेर एकट्या टेकडीवर शेतकऱ्याचं घर. संध्याकाळी कुणीतरी आलं, किंवा काहीजण आले. शेतकरी अंगणात मरून पडलेला सापडला, बायको गोठ्याच्या दारात, आणि स्वयंपाकघरातल्या पिठाच्या लाकडी पेटीत चार वर्षांचा मुलगा जिवंत, नखशिखांत पांढरा, न रडणारा. दूध गोळा करायला येणाऱ्या माणसाने सकाळी झाकण उघडलं आणि तो म्हणे भूत समजून मागच्या मागे पळाला. घरचा गडी त्यानंतर पलीकडच्या शेतात रक्ताने भरलेल्या कपड्यांत फिरताना सापडला. त्याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच वारला. एवढीच काय ती गोष्ट, पण लोकांनी राईचा पर्वत केला. आधी पुस्तक आलं, मग त्या पुस्तकाला खोटं ठरवणारं दुसरं पुस्तक, मग मालिका, मग ही मधाळ आवाजाची माणसं. टेकडीवर सहली जाऊ लागल्या. पांढऱ्या मुलाचं चित्र असलेले चहाचे मग निघाले. मेणवालीकडे तसला एक होता आणि ती त्यात ब्रश बुडवून ठेवायची. दहा हातांवर बसून त्याने तो मग कित्येक महिने पाहिला होता. पाहिला म्हणजे पाहिला नव्हता. त्या प्रकरणाबद्दल एक ओळ वाचायची नाही की ऐकायची नाही, असा त्याने कानाला खडा लावून घेतला होता. त्या सकाळनंतर मावशीने त्याला आपल्या घरी नेऊन आपलं आडनाव दिलं होतं, आणि मावशीपलीकडे जगात हे माहीत असलेला माणूस उरलेला नव्हता. लग्नाचं त्याचं कधी जमलं नाही. एकदा जमत आलं होतं, पण त्या मुलीने पहिल्याच भेटीत विचारलं, तुझे आईवडील कशाने गेले, आणि हा मूग गिळून बसला. ती बिचारी वाट पाहून उठून गेली.

त्याच्याजवळ आईचं म्हणून एकच होतं. अंधार, नाकात शिरणारी पिठाची कोरडी चव, झाकणाच्या कडेने येणारी उजेडाची रेघ, आणि त्याच्याआधी, झाकण पडायच्या जरा आधी, ओठांवर टेकलेलं एक खरखरीत बोट. शब्द नाही, फक्त शू. चेहरा नाही. लहानपणी त्याला या बोटाचा फार आधार वाटायचा. शाळेत कुणी मारलं, ताप आला, मावशी रागावली, की तो पांघरुणात स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून पडायचा आणि त्याला वाटायचं, मला वाचवावं असं कुणाला तरी मरता मरता वाटलं होतं. माणसाला जगायला यापेक्षा जास्त काय लागतं? पण पुढे एकदा, तो विशीत असताना, बसची वाट पाहत उभा होता आणि समोरच्या दुकानाच्या काचेत एक टीव्ही चालू होता. त्यात एक देखणी नटी एका मुलाला पेटीत बसवत होती. तिने वाकून त्याच्या ओठांवर बोट ठेवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज नव्हता, काच मध्ये होती. त्याने ताबडतोब पाठ फिरवली, पण तेवढ्याने काम झालं होतं. त्या दिवसापासून बोटाला चेहरा आला, तो त्या नटीचा, आणि कितीही घासला तरी निघेना. पुढे ती नटी साबणाच्या जाहिरातीत दिसायची आणि हा दुकानात साबण घेताना उगाच लाजायचा.

संध्याकाळी त्याने कानाचा खडा काढला. घरी येऊन स्टोव्हवर पाणी ठेवलं, खुर्ची ओढली आणि सहावा भाग लावला. पाणी उकळून आटलं तरी तो उठला नाही. आधी गादीची जाहिरात झाली. मग मधाळ आवाज म्हणाला की आज आपण गड्याचं म्हणणं ऐकणार आहोत, जे न्यायालयात कुणी ऐकलं नाही. गड्याचं म्हणणं असं होतं की मी कुणाला मारलं नाही. आरडाओरडा ऐकून मी गोठ्यामागून आलो, मालकांना उचलू गेलो म्हणून कपड्यांना रक्त लागलं, मदत आणायला पळालो आणि अंधारात भरकटलो. आणि पळायच्या आधी पोराला पिठाच्या पेटीत मीच ठेवलं. सरकारी वकिलाने यावर दोन गोष्टी काढल्या होत्या. एक, हा गडी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत कधीही जात नसे, त्याचं ताट पायरीवर येई, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. आणि दुसरं, खुद्द मुलाने सांगितलं होतं की मला आईने ठेवलं. जो माणूस एवढी गोष्ट खोटी सांगतो, तो बाकीचं खरं कशाला सांगेल? झालं, गड्याचं तोंड बंद. याने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. खुद्द मुलाने. कुठल्या मुलाने? त्याला आठवतं तिथपासून त्याने या विषयावर कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. मग गड्याच्या मुलीचा आवाज आला, थकलेला, बाजारात भाव सांगावा तसा सरळ. ती म्हणाली, खून कुणी केले ते मला शोधायचं नाही, ते आता देवालाच माहीत. ते पोर कुठे असेल तर त्याने एवढंच सांगावं की त्याला काय आठवतं. माझ्या बापाने ते एकच वाक्य मरेपर्यंत सांगितलं. शेवटी मधाळ आवाजाने तिचा नंबर दोनदा वाचून दाखवला आणि पुन्हा गादीवर आला.

त्याला राग आला, आणि तो कुणाचा हे कळेना. या बाईने किती सहज मागितलं. म्हणजे आईचं बोट काढून तुझ्या बापाच्या हाताला लावू? मग माझ्याकडे काय राहील? आणि तिच्या बापाचं खरं असलं, तर माझ्या नावावर कुणाच्या तरी तोंडून गेलेल्या एका वाक्याने एक माणूस कोठडीत सडून मेला. दोन्ही बाजूंनी विचार करून करून त्याचं डोकं दुखायला लागलं. त्याने डोळे मिटून पेटीत उतरून पाहिलं. पीठ होतं, रेघ होती, बोट होतं. बोटामागे पाहू गेलं की नटी, नटीला हाकललं की मेणवालीच्या मगावरचं पांढरं पोर, आणि पोर पेटीच्या बाहेरून पाहिलेलं. स्वतःला बाहेरून पाहिल्याचं कुणाला आठवतं? म्हणजे तेही उसनंच.

रविवारी तो मावशीकडे गेला. ती तळमजल्यावर एकटी राहायची आणि घरात कवळी काढून पेल्यात ठेवायची. ती त्यानेच बनवून दिलेली होती, पण आलागेला असेल तरच किंवा गंभीर बोलायचं असेल तरच ती बसवी. त्याने इकडचं तिकडचं विचारलं, नळाची गळती पाहिली, आणि मग खाली बघत म्हणाला की पेटीबद्दल विचारायचं आहे. मावशी उठली, पाठ करून कवळी बसवली, पदराने ओठ पुसले आणि समोर येऊन बसली.

"मला पेटीत आईने ठेवलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तूच."

"मला तर तू सांगितलंस, मावशी."

"मी कशी सांगेन? मी काय तिथे होते? अरे, तू महिनाभर बोलत नव्हतास. ना भूक म्हणायचास ना शू. मग तो फौजदार आला आणि म्हणाला, तुम्ही विचारा, तुम्हाला सांगेल. मी तुला मांडीवर घेतलं आणि विचारलं, आईने ठेवलं ना रे बाळा? आईने? तर तू मान हलवलीस. मी काही मनचं सांगत नाही. फौजदाराने डोळ्यांनी पाहिलं."

ती अगदी सरळपणे बोलत होती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की तिला यात काहीच दिसत नाही, इतक्या वर्षांत एकदाही दिसलेलं नाही. बहीण गेली होती, मांडीवर मुकं पोर होतं, आणि तिने विचारता येईल तो एकच प्रश्न विचारला होता. दुसरं कुणी ठेवलं असेल हे तिच्या मनात तरी कुठून यावं? आणि चार वर्षांच्या पोराला मावशीने प्रेमाने काही विचारलं, तर ते मान हलवणार नाही तर काय करणार. भूक लागली ना रे? हो. झोप आली ना? हो. आईने ना? हो. मग तो होकार पुस्तकात गेला, पुस्तकातून नटीकडे, नटीकडून काचेतून परत त्याच्याकडे. तो म्हणाला, "नुसती मान?" मावशी आठवून हसली. म्हणाली, मान हलवलीस आणि मग हे असं केलंस. तिने ओठांवर तर्जनी ठेवली, आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करत ती मिटून मधलं बोट वर केलं. "तेही धड नाही, हे असं. फौजदार म्हणाला, पोर अजून भेदरलेलं आहे. ती तुझी खोड मोडायला मी काय कमी झटले? बोट धरून बदलून द्यायचे, की तू पुन्हा तेच. शेवटी नाद सोडला." मग तिने त्याला विचारलं की कवळी डाव्या बाजूला थोडी टोचते, बघतोस का. त्याने ती घरी नेऊन घासून आणतो म्हणून सांगितलं.

दोन दिवस तो कारखान्यात नीट वागला. तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्यांदा ओतलेल्या मॉडेलवरची कवळी डॉक्टरांकडून परत आली, म्हाताऱ्याच्या तोंडात बसत नाही म्हणून. मालकांनी ती त्याच्या टेबलावर आणून ठेवली. जेवणाच्या सुट्टीत तो जिन्यात गेला. जिन्यात खालच्या इस्त्रीवाल्याची वाफ भरलेली असायची आणि फोनला रेंज यायची ती फक्त वळणावरच्या खिडकीपाशी. नंबर त्याला पाठ झाला होता. मी आईचं सांगणार, असं त्याने ठरवलं होतं. बोट होतं, आईचं होतं, माफ करा, असं म्हणायचं आणि फोन ठेवायचा. आपलेच दात आपलेच ओठ, मावशीला या वयात उघडं कशाला पाडायचं? पण बाईने हॅलो म्हटल्यावर तो म्हणाला, मी एक श्रोता आहे.

तिला श्रोत्यांची सवय होती. ती म्हणाली, बोला, पण बापाचा फोटो मागू नका, तो मी देत नाही. त्याने विचारलं की ते माणूस म्हणून कसे होते. हे तिला कुणी विचारलेलं नसावं, कारण ती एकदम बोलत सुटली. अबोल होते. गुरांशी बोलायचे तेवढं माणसांशी बोलायचे नाहीत. लाजाळू इतके की भरउन्हात तहान लागली तरी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचे नाहीत, दारात उभे राहून खोकायचे. "आणि मला मोजायला त्यांनीच शिकवलं, स्वतःच्या हातांवर. म्हणून शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं की माणसाला नऊच बोटं असतात." ती हसली. त्याला हसू आलं नाही. त्याने विचारलं, नऊ का?

"एक गेलं होतं ना. चारा कापायच्या यंत्रात, मी जन्मायच्या आधीच. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. मग काही दाखवायचं झालं, गप बसा म्हणायचं झालं, की मधल्या बोटाने. पोरं चेष्टा करायची गावात."

खिडकीच्या काचेवर वाफ होती. त्याने फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा हात समोर धरला. प्लास्टरने पांढरा झालेला, रेषांमध्ये आणि नखांत भरलेला. त्याने ठरवून काही केलं नाही. मधलं बोट आपसूक उठलं आणि ओठांवर येऊन टेकलं, कोरड्या पिठाच्या चवीचं. बाकीचं सगळं कुणीकुणी त्याच्यात ओतलेलं होतं, पण हे बोट कुणी शिकवलं नव्हतं. उलट मावशीने धरून धरून बदलून दिलं होतं आणि ते बदललं नव्हतं. आईकडे दहा बोटं होती. पांघरुणातल्या सगळ्या रात्री त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि त्याला एकदम इतकं पोरकं वाटलं, जितकं चार वर्षांचा असतानाही वाटलं नसेल. फोनमधून ती बाई विचारत होती, "आहात ना? अहो, आहात का तुम्ही?" अजूनही ठेवून देता आला असता.

"मी ते पोर आहे," तो म्हणाला. "मला चेहरा आठवत नाही. बोट आठवतं. मधलं होतं."

खाली इस्त्रीवाल्याने कपडे झटकले. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला, ती रडत होती. मी मान हलवली होती, मला समजत नव्हतं, असं काहीसं तो म्हणायला गेला, पण तिने त्याला मध्येच थांबवलं. तुम्ही किती होतात हो, चार वर्षांचे, ती म्हणाली, आणि त्याने ते वाक्य अर्धंच सोडलं. मग ती हळू आवाजात, जसं काही त्याला थोपटावं तसं बोलली, "एक सांगू? आमचे बाबा त्या उंबरठ्याच्या आत आपणहून गेले नसतेच. जीव गेला तरी. तुमच्या आईनेच ओरडून सांगितलं असणार गोठ्यातून, की पोराला लपव म्हणून. मालकिणीने सांगितलं म्हणूनच ते आत गेले. दुसरं काय असणार?"

तो हो म्हणाला. ती हे बापाकडून ऐकून सांगत होती, की आत्ताच, त्याच्या गप्प बसण्याची दया येऊन जुळवत होती, हे त्याने विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. कधीतरी भेटू असं दोघंही म्हणाले आणि दोघांनीही नक्की काही ठरवलं नाही. तो वर गेला. मेणवालीने फोन बारीक करून विचारलं, काका, चेहरा का उतरलाय, तर तो म्हणाला की काही नाही, त्या म्हाताऱ्याचा ठसा पुन्हा मागवायला हवा. मग त्याने टेबल पुसलं, पाणी घेतलं आणि प्लास्टर कालवायला लागला. आठवणीत गोठ्याच्या बाजूने अजून काही ऐकू येत नव्हतं. तिथे नुसतं एक रिकामं दार होतं. पण आता तो स्वतःला ओळखत होता. आठवडाभरात त्या दारातून आईचा आवाज यायला लागेल, पोराला लपव म्हणेल, आणि तो आवाज पहिल्यापासूनच तिथे होता अशी त्याची खात्री असेल.